एका तारेवरचं चुलबंद आवतन

अठ्ठ्याऐंशी साली खात्यानं मला भंडाऱ्याला ट्रेनिंगला पाठवलं. मी लाइनमन. अर्धा जन्म खांबावर गेला, अन् आता म्हणे कॉम्प्युटर शिका. चपला बाहेर काढून आम्ही गार खोलीत बसलो. नागपूरहून आलेल्या सरांनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली आणि तिला पाच डबे लटकवले. म्हणाले, "हे पाच कॉम्प्युटर आणि ही त्यांची एकच तार. एक बोलत असताना बाकीच्यांनी काय करायचं?"

मी मागून म्हणालो, "गप बसायचं अन् तंबाखू घोटायचा."

वर्ग हसला. सर भले माणूस, तेही हसले. पण मी गंमत केली नव्हती. मला खुशालभाऊ कापगते आठवले होते.

आमच्या पिंपळडोह तलावाच्या नहरीवर पाच दरवाजे होते. प्रत्येक दरवाज्याशी एक चौकी, चौकीत एक चौकीदार, आणि भिंतीवर एक काळा फोन. वर पाणी सुटलं की खाली कळावं, म्हणून ही सोय. तार मात्र एकच. फोनची दांडी गरगर फिरवली की पाचही चौक्यांत घंटी वाजायची. बोलावणं कोणाला आहे हे घंटीला कुठून ठाऊक? पाचही जण उचलायचे, आणि उचलल्यावर पाचही जण बोलायचे. कोणी म्हणायचं पाणी सोडा, कोणी म्हणायचं बंद करा, मध्येच कोणाची बायको शेजारच्या चौकीतल्या भावजयीला माहेरची खबर विचारायची. पाणी सुटायचं ते शेवटी चौकीदाराच्या मनाला येईल तसं.

ती तार माझ्या ताब्यात होती. ताब्यात म्हणजे काय, तिच्यावर वेली चढल्या की मी तोडायच्या, आणि कोणी लुगडं वाळत घातलं की शिव्या मी घालायच्या. शिवाय एक तक्रार कायमची. पाचव्या चौकीवर आवाज पोहोचत नाही. मी खांब बदलले, जोड घासले, तार ताणली. पाचव्यावर आवाज मुंगीचाच. साहेब मला आळशी म्हणायचे आणि मी तारेला काय म्हणायचो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

खुशालभाऊ मधल्या चौकीवर. उंच, वाळलेले, खांद्यावर दुपट्टा. दोन माणसं एकदम बोलली की त्यांचं डोकं उठायचं. घरात, बाजारात, कीर्तनात, कुठंही. असल्या माणसाच्या नशिबी देवानं तो फोन दिला. वर्षभर त्यांनी सोसलं, आणि एका दुपारी तारेवर असे गरजले की पाचही चौक्या चूप झाल्या. "आजपासून या तारेवर माह्या कायद्यानं बोलायचं! नाही तं मी तार तोडतो अन् लाइनमनले सांगतो का माकडानं तोडली!"

मी तेव्हा त्यांच्याच चौकीत चहा पीत होतो. माझ्या तोंडावर सांगितलं, म्हणजे बघा.

त्यांचा कायदा असा की दांडी फिरवण्याआधी रिसीव्हर कानाला लावून ऐकायचं. कोणी बोलत असेल तर निमूट ठेवून द्यायचा. दोघांनी एकदमच सुरुवात केली तर दोघांनीही थांबायचं. पण दोघं थांबले आणि पुन्हा दोघांनी एकदमच सुरू केलं तर? पहिल्या आठवड्यात नेमकं हेच झालं. दुसऱ्या चौकीचा टेकचंद आणि चौथ्या चौकीचा सुखराम, दोघंही थांबल्यावर तंबाखू घोटायचे, दोघांचा घोटून एकाच वेळी व्हायचा, आणि पुन्हा टक्कर. खुशालभाऊंनी तोडगा काढला. टेकचंदनं तंबाखू घोटायचा, सुखरामनं उठून माठातलं पाणी प्यायचं. दोघांचा वेळ वेगळा, टक्कर संपली. सुखरामला दिवसभर पाणी पिऊन पिऊन बाहेर जावं लागायचं, ती गोष्ट निराळी.

लांब निरोप एका दमात द्यायचा नाही. तुकडा द्यायचा, समोरच्यानं तो जसाच्या तसा म्हणून दाखवायचा, "आलं" म्हणायचं, मग पुढचा तुकडा. "आलं" नाही आलं तर तोच तुकडा पुन्हा. आणि "आलं" आल्यावर तोच निरोप पुन्हा दिला तर खुशालभाऊ खवळायचे. "पोचलेला निरोप कायले पुन्हा पाठोते बे? आमी का बहिरे होय?"

पाचव्यावर आवाज जात नव्हता, म्हणून तिथला निरोप सुखरामनं चौथ्यावरून पुढे सांगायचा, पण आपल्या पदरचं मीठ घालायचं नाही. आणि निरोप ज्याचा त्याचं नाव आधी घ्यायचं. दरवाज्याचा नंबर चालणार नाही, कारण ऑफिसनं मध्यंतरी नंबर खालून वर असे उलटे केले होते, आणि कोणी जुने धरायचं, कोणी नवे. मी मात्र इथं जुनेच सांगतो आहे. आडनावाचाही उपयोग नव्हता. पाचांत तिघं गहाणे आणि दोघं कापगते. म्हणून पूर्ण नाव. ज्याचं नाव त्याचाच निरोप, बाकीच्यांनी ऐकलं तरी ऐकलं नाही असं समजायचं. निरोपात चूक झाली तर ज्यानं पाठवला त्यानंच दुरुस्त करायची, दुसऱ्या कोणी नाही.

या सगळ्याच्या आधी मात्र एक गोष्ट व्हायलाच हवी.

"जेवले का?"

"जेवलो. तुमी?"

"जेवलो."

एवढं झाल्याशिवाय निरोप नाही. मी एकदा चिडून विचारलं, "भाऊ, नहर फुटून राहिली तरी जेवणच विचारसान काय?" त्यांनी शांतपणे समजावलं. "पाय बाप्पा. म्या इचारलं अन् तो बोलला, म्हणजे माहा आवाज त्याले गेला. त्यानं इचारलं अन् मी बोललो, म्हणजे त्याचा मले आला. आता दोघालेबी पक्कं ठाऊक का दोघंबी ऐकून राहिले. त्याच्याबिगर निरोप देणं म्हणजे अंधारात ताट वाढणं." आणि समोरून "नाही जेवलो" आलं तर? तर त्याला आधी जेवू द्यायचं. उपाशी माणसाच्या कानात काही शिरत नाही, असं त्यांचं मत होतं.

नव्या साहेबांना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी वरच्या चौकीतून दांडी फिरवली आणि म्हणाले, "कापगते, दरवाजा अर्धा उघडा."

"जेवले का साहेब?"

"काय?"

"जेवले का?"

"नाही जेवलो! दरवाजा उघडा!"

"मंग आधी जेवून घ्या साहेब," असं म्हणून खुशालभाऊंनी फोन ठेवला. साहेब जीप घेऊन तणतणत आले. शकुनवहिनींनी, म्हणजे खुशालभाऊंच्या बायकोनं, त्यांच्यापुढे गरम भात आणि वांग्याची भाजी ठेवली. साहेब जेवले, ढेकर दिला, आणि म्हणाले, "अर्धा उघडा." खुशालभाऊ म्हणाले, "अर्धा उघडा. आलं." त्यानंतर फोनवर "जेवले का" हे साहेबच आधी म्हणू लागले.

घरातही हेच. वहिनी म्हणायच्या, मीठ संपलं. हे म्हणायचे, "मीठ संपलं. आलं." वहिनी गप्प राहिल्या की हे तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचे. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमी ते तार काढून नेता का? माह्या भावाचा टांगा बोलावते हवं तं."

या कायद्याचा खरा भक्त एकच, पाचव्या चौकीचे गहाणेबुवा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ते आणि मुलगा ताराचंद. गहाणेबुवा इतके नियमाचे की बाजारात कोणी नुसतं "ओ काका" म्हणून हाक मारली तर वळायचे नाहीत. नाव घ्या, मग वळतो. त्यांचं नावही खुशालच. खुशाल गहाणे. हे लक्षात असू द्या, कारण सगळा घोळ इथंच झाला.

वडील दरवाज्यावर गेले की खुशालभाऊंची चंद्रकला फोन सांभाळायची, आणि पाचव्यावर ताराचंद. दुपारच्या वेळी घंटी वाजायची. आम्ही सगळे उचलायचो, मीसुद्धा, खांबावर माझा तपासणीचा फोन असायचा. "जेवले का?" "जेवलो. तुमी?" "जेवलो." आणि फोन खाली. निरोप काहीच नाही! तो तीन वाक्यांचा आवाज सुखराम मध्ये बसून इमानानं इकडचा तिकडे करायचा. रोज. उन्हाळ्यात नहर कोरडी ठाक असतानासुद्धा. खुशालभाऊंच्या ते ध्यानात यायला सगळ्यांत उशीर झाला. "हे दोघं दार उघडतेत अन् सामान तं उतरवतच नाही," असं ते एकदा डोकं खाजवत म्हणाले. वहिनींनी कपाळाला हात लावला आणि सामान काय आहे ते त्यांना सांगितलं.

मुलगा चांगला, घर चांगलं. चंद्रकलानं तर आईला स्वच्छ सांगून टाकलं होतं, "जाईन तं त्याच घरी. दुसरीकडं पाहू नका मले." आता राहिलं जेवण. आमच्याकडे मुलाकडचे मुलीच्या घरी पोटभर जेवले की सोयरीक पक्की. त्याआधी सगळं कच्चं. आणि आवतन द्यायचं ते चुलबंद, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटणार नाही, लहानथोर सगळे आमच्याकडे. हे आवतन घरच्या बाईच्या तोंडूनच जायला हवं. पुरुषानं दिलं तर माणसं हसतात.

वहिनींनी दांडी फिरवली. पाची चौक्यांत रिसीव्हर उचलले गेले.

"जेवले का?"

"जेवलो!" सगळे एका सुरात. तुमी? जेवलो. झालं.

आता नाव. वहिनींच्या तोंडाशी नाव आलं आणि अडलं. मुलाच्या बापाचं नाव खुशाल, आणि नवऱ्याचंही खुशाल. नवऱ्याचं नाव त्यांनी लग्नातल्या उखाण्यानंतर कधीच घेतलं नव्हतं. वासराचं नाव खुशाल ठेवलं असतं तर त्यांनी वासरू विकलं असतं. त्या बिचकल्या, लाजल्या, आणि एका दमात बोलून गेल्या, "शुक्रवारी दुपारी आमच्या घरी चुलबंद आवतन हाये. लहानमोठे सगळे या!"

सुखरामनं ते पदरचं मीठ न घालता पाचव्यावर सांगितलं. गहाणेबुवांनी विचारलं, "कोणाले?"

"नाव नाही सांगतलं."

"नाव नाही तं मंग माह्यं नाही," असं म्हणून गहाणेबुवांनी फोन ठेवला.

बाकीच्यांनी मात्र कायदा पाळला. निरोप म्हणून दाखवला आणि "आलं" म्हणाले. वहिनींच्या कानात आलं, आलं, आलं असं घुमलं. त्यातलं कोणतं पाचव्याचं ते त्यांनी बघितलं नाही. खूश होऊन मोहाडीच्या बाजारातून पत्रावळी आणवल्या.

शुक्रवारी मी लवकरच पोहोचलो. मलाही आलं होतं ना आवतन. पाहतो तर नहरीच्या काठानं बैलगाड्यांची रांग. टेकचंद सगळ्या भाऊबंदांसह. सुखराम सासुरवाडीसह. वरच्या चौकीत त्या वेळी जे जे चहा पीत बसले होते ते सगळे, आणि त्यांनी ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे. त्यांत साहेबही होते, कुटुंबाला घेऊन जीपमधून उतरले. चुलबंद म्हटल्यावर कोणाच्या घरी चूल पेटणार?

खुशालभाऊ दारात उभे राहून "या, या" म्हणत होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडत चालला होता. आवतन मागे घेता येत नाही. त्यांचाच कायदा, "आलं" म्हटलेला निरोप पक्का. आलेल्या बायकांनी पदर खोचले, देवळातली मोठी गंजं आली, कोणी घरून तांदूळ आणले. वरणात पाणी पडत गेलं. नहरीवर राहणाऱ्यांना पाण्याचा काय तोटा! पंगत बसली. सगळी नहर आली होती, फक्त ज्यांच्यासाठी हे मांडलं होतं ते बापलेक नव्हते.

चंद्रकला मागच्या दाराशी उभी होती. नहरीच्या वाटेकडे बघत होती. मला ते पाहवलं नाही. मी खुशालभाऊंना म्हणालो, "फोन लावा."

"सुखराम तं इथं जेवून राहिला. पाचव्यावर आवाज कोण देईन?"

"लावा तं खरं!"

त्यांनी दांडी फिरवली. मी रिसीव्हरला कान लावला, आणि थक्क झालो. पलीकडून गहाणेबुवांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. खणखणीत! आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तारेत खोट नव्हतीच. एरवी पाचही जण रिसीव्हर उचलून कान लावून बसायचे आणि प्रत्येक कान थोडा थोडा आवाज पिऊन टाकायचा. आज सगळे कान पंगतीला बसले होते. इतकी वर्षं मी खांब बदलत होतो, चोर चौक्यांत बसले होते!

"जेवले का?" खुशालभाऊंनी विचारलं.

मग आवाज आला. "नाही."

"नाही" म्हटल्यावर पुढे निरोप देता येत नाही. "मंग... मंग आधी जेवून घ्या," ते सवयीनं म्हणाले.

"कायचं जेवतो? सकाळपासून चूल बंद हाये."

मी खुशालभाऊंकडे बघितलं. म्हणजे आवतन आपल्यालाच आहे हे म्हाताऱ्याला कळलं होतं. त्यानं चूल पेटवली नव्हती. धुतलेलं धोतर नेसून पोराला शेजारी बसवून तो सकाळपासून वाट बघत होता. फक्त नाव आलं नव्हतं, म्हणून उठला नव्हता.

"चूक झाली बुवा, आवतन तुमालेच होतं," खुशालभाऊ काकुळतीला आले.

"चूक ज्याची त्यानं दुरुस्त करावी. कायदा तुमचाच हाये." आवाज कडक होता, पण मी एवढ्या जवळून ऐकत होतो, तो नुसता कडक नव्हता.

खुशालभाऊंनी रिसीव्हर वहिनींपुढे धरला. पंगतीतले हात थांबले. वहिनींनी एकदा मागच्या दाराकडे, पोरीकडे बघितलं. पदर सारखा केला. आणि सरळ बोललं तर जिभेला काटे येतील म्हणून उखाणा घेतला, लग्नात घेतात तसा, मोठ्यानं, सगळ्या नहरीसमोर.

"पाच चौक्या, एकच तार, पाण्याचा एक पूर,
खुशालजीचं नाव घेते, जेवाले या, नका बसू दूर!"

"पाचव्या चौकीच्या खुशालजीले सांगतलं," त्यांनी लगेच पुढे जोडलं, आणि त्यांचे कान लाल झाले.

मग गहाणेबुवांनी कायद्याप्रमाणे निरोप जसाच्या तसा म्हणून दाखवला. पिकल्या मिशांचा तो माणूस "खुशालजीचं नाव घेते" असं स्वतःचंच नाव घेत उखाणा म्हणत होता, एक शब्द न चुकवता. शेवटी घसा खाकरून म्हणाला, "आलं. निघालो." मी ते मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं तेव्हा साहेब भाताच्या घासासकट ठसकले.

बापलेक एका सायकलवर आले. ताराचंद पायडल मारत होता, बुवा मागे कॅरियरवर ताठ. चंद्रकलानंच पत्रावळ मांडली. बुवा पोटभर जेवले, वरण पातळ आहे असंही म्हणाले. सोयरीक पक्की झाली.

पण मला त्या दिवसातलं आठवतं ते दुसरंच. फोन ठेवल्यावर वहिनी तिथंच उभ्या राहिल्या, खुशालभाऊंकडे बघत. खुशालभाऊ हातात भाताची परात घेऊन खांबासारखे उभे. संसाराला इतकी वर्षं झाली, बायकोच्या तोंडून आपलं नाव त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं होतं. दुसऱ्या खुशालसाठी घेतलं असलं तरी नाव तेच होतं. प्रत्येक निरोप म्हणून दाखवणारा माणूस, त्याला एक अक्षर बोलता येईना.

"आलं म्हणा ना," वहिनी हळूच म्हणाल्या.

खुशालभाऊंनी दुपट्ट्यानं डोळे पुसले. "आलं," ते म्हणाले, आणि भात वाढायला गेले.

ट्रेनिंगच्या सरांनी संध्याकाळी विचारलं, पोहोच मिळाली की काय करायचं? मी सांगितलं, निरोप पुन्हा पाठवायचा नाही. सर म्हणाले, बरोबर. मला ते पुस्तकातून ठाऊक नव्हतं. शकुनवहिनींनी ते नाव त्यानंतर पुन्हा कधीच घेतलं नाही.